‘परका’ कोण? आयर्लंडचा लढा आणि टिळकांची अहमदनगरची भाषणे

प्रास्ताविक

बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबोला हे गाव लागते. या पट्ट्यातून महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या घरी उर्दू, तर कुणाच्या घरी निमाडी. दोन वर्षांपूर्वी स्वातंत्र्यचळवळीच्या काळातील गद्य शिकवत असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकाला एक प्रश्न विचारला. तिच्या हातात बाजारात मिळणारी नोट्सची एक पुस्तिका होती. त्या पुस्तिकेत फारुकी, मोगल आणि इंग्रज या तिघांनाही ‘परकीय सत्ता’ हा एकच शब्द वापरला होता. तिचे म्हणणे असे की, “सर, तिघेही परकीय असतील, तर आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरून घेणारा राजा कुठला म्हणायचा?”

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील तो शिलालेख आदिलशाह फारुकी ऊर्फ राजा अली खान याच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या अखेरचा आहे. आमच्या भागातील प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. प्रश्न साधा होता, पण मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते, हे मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्याचा प्रयत्न आहे.

हे उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात आली. ‘परका कोण’ या प्रश्नाचा मराठीतला एक महत्त्वाचा खुलासा लोकमान्य टिळकांनी १९१६ साली अहमदनगरच्या भाषणांत केला आहे. ही भाषणे ज्या चळवळीसाठी झाली, तिचे नाव आयर्लंडमधून आले होते. म्हणून आयर्लंडचा लढा, त्याचा मराठीने केलेला स्वीकार आणि अहमदनगरची भाषणे या तिन्हींचा एकत्र विचार येथे केला आहे. आयर्लंडकडून आपण लढ्याची साधने घेतली, परंतु त्या देशापुढील सर्वांत अवघड प्रश्न मात्र घेतला नाही. तो टिळकांनी नगरमध्ये स्वतंत्रपणे हाताळला आणि नंतर आपण सर्वांनी तो सोडून दिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आयर्लंडच्या लढ्याची रूपरेषा

ज्या अध्यापक बंधुभगिनींचा विषय इतिहास नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे.

आयर्लंडवरील इंग्रजी सत्ता ही भारतावरील सत्तेपेक्षा कितीतरी जुनी. सतराव्या शतकात उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात स्कॉटलंड व इंग्लंडमधून प्रॉटेस्टंट वसाहतवाले आणून बसवले गेले. बहुसंख्य आयरिश लोक कॅथलिक होते. त्यांच्या जमीनधारणेवर, शिक्षणावर आणि अधिकारपदांवर कायद्याने बंधने घातली गेली. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद संपली व तो देश ब्रिटनमध्ये विलीन करण्यात आला. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्याच काळात देशातून धान्य बाहेर जात होते, ही बाब आयरिश माणूस कधी विसरला नाही.

१८७० मध्ये आयझॅक बट यांनी ‘होमरूल’ची, म्हणजे देशांतर्गत कारभार आयरिश संसदेकडे देण्याची मागणी संघटित केली. पुढे चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी ती ब्रिटिश पार्लमेंटच्या केंद्रस्थानी आणली. १८८६ आणि १८९३ ची विधेयके फेटाळली गेली. तिसरे विधेयक १९१२ मध्ये आले, सप्टेंबर १९१४ मध्ये कायदा झाला आणि महायुद्धामुळे लगेच तहकूब ठेवण्यात आला. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. तो आठवड्याच्या आत मोडला गेला. पण ३ ते १२ मे या काळात पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या आणि लोकमत पालटले. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत सिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. त्यानंतरच्या गनिमी युद्धाचा शेवट ६ डिसेंबर १९२१ च्या तहात झाला. आयर्लंडला वसाहतीचा दर्जा मिळाला, परंतु उत्तरेकडील सहा परगणे वेगळे राहिले. हा तह मान्य करावा की नाही यावरून १९२२-२३ मध्ये आयरिश लोक आपापसांतच लढले. १९४९ मध्ये आयर्लंड पूर्ण प्रजासत्ताक झाला.

ब्रिटिश साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना १९२१ च्या या तहाला पहिली मोठी भेग मानले जाते. मात्र ही भेग पडली ती देशाचे दोन तुकडे करूनच, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मराठीने आयर्लंडकडून काय घेतले?

मराठी वाचकाला आयर्लंडची ओळख फार पूर्वीपासून होती. न. चिं. केळकर यांचे ‘आयर्लंडचा इतिहास’ हे पुस्तक १९०९ सालचे. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. राजद्रोहाच्या कायद्याच्या धाकात असलेल्या लेखकाला परदेशाचा इतिहास लिहिणे ही एक सोय होती, आणि वाचकालाही ओळींच्या मागचे वाचण्याची सवय होती. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे मराठीत आली, ती याच गरजेतून. काँग्रेसच्या व्यासपीठावरही आयर्लंड परका नव्हता. १८९४ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे पार्लमेंटमधील आयरिश सभासद होते.

येथे एका मर्यादेची नोंद करणे न्याय्य ठरेल. १९०९ मध्ये लिहिणाऱ्या लेखकासमोर अल्स्टरचा प्रश्न त्याच्या पूर्ण उग्रतेने आलेला नव्हता. होमरूलला विरोध करणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवर सुमारे पावणेपाच लाख स्त्रीपुरुषांनी सह्या केल्या, त्या सप्टेंबर १९१२ मध्ये. आणि हत्यारबंद अल्स्टर स्वयंसेवक उभे राहिले ते १९१३ मध्ये. त्यामुळे मराठीत आयर्लंडची जी प्रतिमा स्थिर झाली, ती एका बाजूला एकसंध आयरिश राष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंड अशी दोन बाजूंचीच होती. तिसरी बाजू त्या चित्रात आली नाही.

या प्रतिमेबरोबर दोन शब्दही आले. पहिला ‘होमरूल’. टिळकांनी तो संस्थेच्या नावात ठेवला, कारण इंग्रज सरकारला तो ओळखीचा होता आणि त्यावर एकदम राजद्रोहाचा शिक्का मारणे अवघड होते. व्याख्यानांत मात्र ते ‘स्वराज्य’ हा शब्द वापरत.

दुसरा शब्द ‘बहिष्कार’. इंग्रजीतील ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्माला आला. कॅप्टन बॉयकॉट हा एका लॉर्डाच्या जमिनीचा कारभारी. कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. मजुरांनी शेतात येणे थांबवले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. पीक काढायला अखेर अल्स्टरमधून सुमारे पन्नास प्रॉटेस्टंट स्वयंसेवक सैन्याच्या पहाऱ्यात आणावे लागले. दुबळ्यांनी सबळाविरुद्ध वापरलेले हे शस्त्र होते. त्याला उत्तर म्हणून धर्माच्या आधारे माणसे आणली गेली, हेही तेवढेच बोलके आहे.

मराठीत या शस्त्राला जे नाव मिळाले, ते जुने होते. जातपंचायत ज्याला वाळीत टाकी, त्याच्यावर ‘बहिष्कार’ पडे. म्हणजे आयर्लंडमध्ये जो शब्द कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याविरुद्ध घडवला, त्याच्या मराठी प्रतिशब्दाला सबळांनी दुबळ्यांना बाहेर ठेवल्याचा इतिहास होता. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र काढले, तेव्हा या शब्दाची ती दुसरी बाजू सर्वांसमोर आली.

उर्दूने याच कल्पनेसाठी ‘मुकातआ’ हा शब्द घेतला. त्यात परस्परांचे नाते कापण्याचा भाव आहे. १९२० च्या असहकारासाठी ‘तर्के मवालात’ हा शब्द रूढ झाला. मवालात म्हणजे मैत्री व पाठराखण. तिचा त्याग करणे हा धार्मिक परंपरेतला शब्द राजकारणात आला. एकाच चळवळीत शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन भाषिक समाजांच्या मनात एकाच कृतीची दोन वेगळी चित्रे होती, हे भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. खुद्द ‘गैर’ या अरबी शब्दाचे पाहावे. उर्दूत ‘गैर’ म्हणजे परका माणूस. मराठीत ‘गैर’ म्हणजे अयोग्य, चुकीचे. उर्दू व मराठी एकाच वर्गात शिकवताना हा फरक वारंवार समजावून सांगावा लागतो.

आरसा निवडण्याचाही एक पक्ष असतो. आयर्लंडमध्ये १८७३ साली होमरूल लीग स्थापन झाली, त्याच वर्षी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. फुल्यांचा आरसा अमेरिका, टिळक-केळकरांचा आयर्लंड. पहिल्यात आपल्याच समाजाच्या आतला जुलूम दिसतो, दुसऱ्यात बाहेरच्या राज्यकर्त्याचा. दोन्ही खरे आहेत. परंतु ज्याच्या हाती जो आरसा आला, त्याला तेवढेच दिसले.

बेळगाव ते अहमदनगर

बेळगाव येथे २८ एप्रिल १९१६ रोजी टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. डब्लिनचा उठाव त्या वेळी अजून चालू होता; तो दुसऱ्या दिवशी, २९ एप्रिलला संपला. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, पण साम्राज्याच्या दोन टोकांना एकाच आठवड्यात काय चालले होते हे त्यावरून कळते. लीगचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा हे मुंबईचे ख्रिस्ती बॅरिस्टर, तर चिटणीस न. चिं. केळकर. मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत व वऱ्हाड हे या लीगचे कार्यक्षेत्र होते. बुऱ्हाणपूर त्या वेळी मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात असल्याने आमचा हा भागही त्याच क्षेत्रात येत होता. ॲनी बेझंट यांची दुसरी लीग सप्टेंबरमध्ये मद्रासला निघाली.

३१ मे आणि १ जून १९१६ रोजी टिळकांची अहमदनगरला दोन व्याख्याने झाली. त्यांतील ‘परका’ या शब्दाचा खुलासा प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. त्याचा आशय असा: परकेपणा कातडीच्या रंगावर ठरत नाही, तो धर्मावरही ठरत नाही. ज्या देशात आपल्याला राहायचे आहे, आपल्या मुलाबाळांना राहायचे आहे, त्या देशाचे बरे व्हावे म्हणून जो झटतो तो परका नव्हे. मग तो आपल्याबरोबर एकाच देवळात जात नसला तरी बिघडत नाही. ज्याचे हित या देशाच्या हिताशी बांधलेले नाही, तो परका. आणि समोर नगरकर श्रोते असल्यामुळे टिळकांनी दाखला दिला तो निजामशाहीचा. येथे राज्य करणारे मुसलमान राजे या देशात येऊन राहिले, इथले उद्योगधंदे चालावेत अशी त्यांची इच्छा होती, मुसलमानांना मी परके म्हणत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

या खुलाशाचे तीन विशेष नोंदवता येतात.

पहिला, तो आर्थिक आहे. दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाच्या सिद्धान्ताला टिळकांनी शब्दार्थाचे रूप दिले. पैसा कुठे मिळतो आणि कुठे खर्च होतो, यावर आपला-परका ठरतो.

दुसरा, तो स्थानिक आहे. हे भाषण एखाद्या परिषदेत इंग्रजीतून झालेले नाही. नगरच्या किल्ल्याच्या गावात, मराठी श्रोत्यांपुढे, त्यांच्या रोजच्या माहितीतला दाखला देऊन ते झाले. सामान्य श्रोत्याने ते समजून घ्यावे, अशीच त्याची रचना आहे.

तिसरा, तो कायद्याच्या कसोटीला उतरला. या व बेळगावच्या भाषणांसाठी सरकारने टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी लढवली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. मुसलमान राजांना परके न मानणारे भाषण, त्याचा मराठी वक्ता आणि त्याच्या बचावाला उभा राहिलेला मुसलमान वकील, हे चित्र आज आपल्या पाठ्यक्रमात जवळजवळ कुठेच आढळत नाही.

आयर्लंडच्या कसोटीवर

टिळकांचा खुलासा आयर्लंडला लावून पाहिला, तर तो कितपत टिकतो?

एका बाजूने तो उत्तम टिकतो. आयर्लंडमधील मोठ्या जमीनदारांपैकी कित्येक जण इंग्लंडमध्ये राहत. कुळांचा खंड समुद्रापलीकडे खर्च होई. हे ‘गैरहजर जमीनदार’ टिळकांच्या व्याख्येतले नेमके परके होत. दुसरीकडे, १७९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ संघटनेतील वुल्फ टोन हा प्रॉटेस्टंट होता आणि कॅथलिक, प्रॉटेस्टंट व इतर पंथीय या सर्वांनी ‘आयरिश’ या एकाच नावाखाली यावे, हे त्याचे ध्येय होते. पार्नेल हा तर प्रॉटेस्टंट आणि शिवाय स्वतः जमीनदार. आल्फ्रेड वेब क्वेकर पंथाचे. धर्मावरून परका ठरवला असता, तर आयर्लंडचे हे पुढारी परके ठरले असते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. जन्माने आयरिश असणे म्हणजे पीडितांच्या बाजूचे असणे, असेही नाही. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढाया जिंकणारा आर्थर वेलस्ली डब्लिनचा. त्याच मोहिमेत, त्याच वर्षी, इंग्रजांनी असीरगड एकदा घेतला. तो पुढे शिंद्यांना परत मिळाला आणि एप्रिल १८१९ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर हा टिपरेरीचा कॅथलिक आयरिश होता, आणि त्याने जनरल डायरची पाठराखण केली. त्याच पंजाबात, जून १९२० मध्ये, कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या शिपायांनी आयर्लंडमधील अत्याचारांच्या निषेधार्थ जालंधर येथे शस्त्रे खाली ठेवली. त्यांचा एक तरुण पुढारी जेम्स डेली याला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या.

ओड्वायर आणि डेली यांचा देश एक, धर्म एक, दोघेही पंजाबात. तरी एक साम्राज्याचा आणि दुसरा साम्राज्याविरुद्धचा. जन्म आणि धर्म या दोन्ही कसोट्या येथे निकामी ठरतात. टिळकांची हिताची कसोटीच तेवढी उपयोगी पडते. आमच्या भोपाळचे मौलाना बरकतुल्ला न्यूयॉर्कमध्ये असताना आयरिश राष्ट्रवाद्यांच्या सहवासात आले, आणि १९१५ च्या काबूलमधील हंगामी सरकारात राजा महेंद्र प्रताप अध्यक्ष असताना ते पंतप्रधान झाले. त्यांनीही सोबती निवडताना हीच कसोटी लावली, असे म्हणता येईल.

कसोटीच्या उणिवा

तथापि टिळकांचा हा खुलासा निर्दोष आहे, असे मानणे समीक्षेला धरून होणार नाही.

पहिली उणीव वक्त्याच्या चरित्रातली आहे. १८९० च्या दशकात, मुंबईच्या १८९३ च्या दंगलीनंतर, टिळकांनी जे सार्वजनिक राजकारण उभे केले, त्यात मुसलमान श्रोता गृहीत धरलेला नव्हता. १९१६ चे टिळक त्यापुढे आलेले होते, पण पूर्वीच्या भूमिकेचा हिशेब त्यांनी उघडपणे दिला नाही. म्हणूनच त्यांचे दोन्ही प्रकारचे वारसदार पुढे त्यांच्या नावाचा आधार घेऊ शकले.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. ‘देशाचे हित’ कोणी ठरवायचे? १९१७ मध्ये अथणीच्या सभेत तेली, तांबोळी, कुणबी यांनी कायदेमंडळात जाऊन काय करायचे, अशा अर्थाचे उद्गार टिळकांनी काढले. मुसलमान राजांना आपले म्हणणारा वक्ता आपल्याच गावच्या कुणब्याला हित ठरवण्याच्या जागी बसवायला तयार नव्हता. म्हणजे परका नसणे वेगळे आणि बरोबरीचा असणे वेगळे. नगरच्या भाषणाने पहिली गोष्ट दिली, दुसरी दिली नाही. दलित-बहुजन आणि मुस्लिम वाचकाने ही मर्यादा मोकळेपणाने मांडली पाहिजे. त्यात टिळकांचा उपमर्द नाही.

तिसरी उणीव संस्थात्मक आहे. कसोटी भाषणात राहिली. करारात वेगळेच तत्त्व आले. डिसेंबर १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेस व मुस्लिम लीग एकत्र आल्या, ही मोठी गोष्ट होती. या करारामागे टिळक आणि जिना दोघेही होते. स्वराज्याचे हक्क केवळ मुसलमानांना मिळाले तरी आपली हरकत नाही, कारण मग तिरंगी झगडा संपून तो दुरंगी होईल, असे टिळक तेथे म्हणाले. परंतु कराराची भाषा टक्केवारीची होती. विभक्त मतदारसंघ कायम राहिले. मुसलमान प्रतिनिधींचे प्रमाण पंजाबात ५०, बंगालमध्ये ४०, संयुक्त प्रांतात ३०, तर आमच्या मध्य प्रांतात १५ टक्के ठरले. एखाद्या समाजाच्या तीन-चतुर्थांश प्रतिनिधींचा विरोध असेल, तर त्या समाजासंबंधीचे विधेयक पुढे जाऊ नये, अशीही तरतूद होती.

या तरतुदी अन्यायकारक होत्या असे येथे म्हणायचे नाही. अल्पसंख्याकांना हमी हवीच असते, आणि ती नुसत्या सद्भावनेवर सोडता येत नाही. मुद्दा एवढाच की, नगरमध्ये आपला-परका ‘हिता’वर ठरत होता, तो सात महिन्यांनी लखनौत ‘गणने’वर ठरू लागला. करार लौकरच मोडला, गणना मात्र राहिली.

दोन फाळण्यांचा धडा

गणनेचा शेवट कुठे होतो, हे आयर्लंडने आपल्याआधी पाहिले. १९२० च्या कायद्याने अल्स्टरच्या नऊपैकी सहा परगण्यांचा वेगळा प्रदेश केला. सगळे नऊ घेतले असते, तर प्रॉटेस्टंटांचे बहुमत निसटते राहिले असते. म्हणून सहाच घेतले. त्या सहांतही फर्मॅना आणि टायरोन या दोन परगण्यांत कॅथलिकांचे बहुमत होते. म्हणजे एका अल्पसंख्याक समाजाला सुरक्षित करण्यासाठी काढलेल्या रेषेने दुसरा अल्पसंख्याक समाज तयार झाला. मतदारसंघ, घरे आणि नोकऱ्या यांतील भेदभावाविरुद्ध तेथील कॅथलिकांनी १९६० च्या दशकात चळवळ केली. त्यानंतरच्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसे मेली.

ऑगस्ट १९४७ मध्ये आपल्याकडे जे झाले, त्याचे प्रमाण यापेक्षा कित्येक पटींनी मोठे होते; त्याची पुनरुक्ती येथे नको. माघार घेणाऱ्या साम्राज्याने दोन्ही ठिकाणी रेषा ओढली, हे खरे. परंतु सगळा दोष रेषा ओढणाऱ्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. रेषा ओढण्यापूर्वी दोन्ही देशांत ‘परका’ या शब्दाचा अर्थ बदललेला होता, आणि तो बदल पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून व वर्गांतून झाला होता.

१० एप्रिल १९९८ च्या करारात उत्तर आयर्लंडमधील माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही मानण्याचा हक्क मान्य करण्यात आला. वुल्फ टोनने दोनशे वर्षांपूर्वी सर्वांसाठी एक नाव मागितले होते. या कराराने दोन नावे एकत्र बाळगण्याची मुभा दिली. सगळे प्रश्न त्याने सुटले नाहीत. पण ‘तू नेमका कोणाचा?’ या प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर देण्याची सक्ती उठली, ही लहान गोष्ट नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे हाती येतात.

एक, मराठीतील राष्ट्रवादी गद्याने आयर्लंडकडून चळवळीचे नाव व तंत्र घेतले. अल्स्टरचा, म्हणजे देशांतर्गत अल्पसंख्याकांचा प्रश्न त्या चित्रात आला नाही.

दोन, त्या प्रश्नाचे उत्तर टिळकांनी आयर्लंडचा आधार न घेता, निजामशाहीच्या स्थानिक दाखल्यावरून दिले. हिताची कसोटी आयर्लंडच्या इतिहासालाही धर्म आणि जन्म यांच्यापेक्षा अधिक लागू पडते.

तीन, ही कसोटी अपुरी आहे. हित ठरवण्याच्या जागी सर्वांना बसवल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. ते काम फुले-आंबेडकरांच्या परंपरेने पुढे नेले, म्हणून नगरचे भाषण आणि ‘बहिष्कृत भारत’ एकाच अभ्यासक्रमात शेजारी-शेजारी वाचले गेले पाहिजेत.

चार, अध्यापकांसाठी व्यावहारिक सूचना. आपण प्रश्नपत्रिका काढतो, नोट्स देतो, तेव्हा ‘परकीय’ हा शब्द कोणासाठी आणि कोणत्या अर्थाने वापरतो, हे एकदा तपासून पाहावे. जमल्यास अहमदनगरच्या भाषणांतील तो उतारा वर्गात मराठीतून वाचावा, आणि उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना तो उर्दूत करायला सांगावा. ‘परका’ला ते ‘गैर’ म्हणतात, ‘अजनबी’ म्हणतात की ‘बेगाना’, यावर होणारी चर्चा एखाद्या तासिकेला पुरेल.

त्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर आता असे देता येईल. मशिदीत संस्कृत शिलालेख कोरणाऱ्या राजाला एवढे नक्की ठाऊक होते की, येथे अरबी न वाचणारे लोकही राहतात आणि आपल्या कामाची नोंद त्यांच्याही विद्येच्या भाषेत असली पाहिजे. तो राजा होता, राज्य करत होता, कर घेत होता. त्याच्या राज्याचे गुणदोष वेगळे तपासावेत. पण त्याचे घर येथेच होते, आणि कबरही येथेच आहे. असीरगड १६०१ मध्ये अकबराकडे गेला आणि १८१९ मध्ये इंग्रजांकडे. नोट्सच्या पुस्तिकेत या दोन्ही घटनांना एकच शब्द आहे. त्या दोन्ही घटनांनंतर इथला महसूल कुठे गेला आणि कुठे खर्च झाला, हे तिने शोधून काढावे. कोणाला परका म्हणायचे, ते त्यानंतर तिचे तिने ठरवावे.